साठ संवत्सरे आणि बत्तीस खणांचे घड्याळ

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंचा जन्मोत्सव होतो. लखुजी जाधवांच्या वाड्यासमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. जिजाऊंची जन्मतिथी परंपरेने पौष पौर्णिमा मानली जाते आणि तारीख १२ जानेवारी १५९८. आता एक छोटे गणित करून पाहू. २१ जानेवारी २००० रोजी खग्रास चंद्रग्रहण झाले, म्हणजे त्या दिवशी पौर्णिमा होती हे नक्की. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३०५८८ दिवस जातात. या अंतराच्या उड्या मारत आपण मागे १५९८ सालापर्यंत गेलो, तर ४९७२ उड्यांनी १,४६,८२६ दिवस होतात आणि आपण पोहोचतो २२ जानेवारीला, १२ जानेवारीला नव्हे! आजच्या कॅलेंडरप्रमाणे १२ जानेवारी १५९८ रोजी चंद्र पौर्णिमेपासून दहा दिवस दूर, पंचमीच्या आसपास होता.

मग परंपरा चुकली का? मुळीच नाही. १५८२ साली पोप ग्रेगरी यांनी युरोपच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरात सुधारणा करून दहा दिवस गाळले. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली स्वीकारली, म्हणून आपल्याकडचे इतिहासकार त्यापूर्वीच्या तारखा जुन्या कॅलेंडरप्रमाणे देतात. जुन्या कॅलेंडरातली १२ जानेवारी म्हणजेच नव्या कॅलेंडरातली २२ जानेवारी. पौर्णिमा बरोबर जुळते. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही अशीच जुन्या कॅलेंडरातली आहे. नव्या कॅलेंडराने तो दिवस १ मार्च, आणि त्या दिवशी फाल्गुन वद्य तृतीया येते. वर्गात इतिहास आणि गणित एकाच तासाला शिकवायचे असतील तर यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

काळाची कोणतीही नोंद वाचताना तीन प्रश्न विचारावे लागतात. मोजणी कोठून सुरू केली? मोजण्याचे एकक कोणते? आणि आकडा लिहायला जागा किती? जिजाऊंच्या तारखेचा घोळ हा पहिल्या प्रश्नाचा. या लेखात आम्हाला मुख्यतः तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे, कारण त्या प्रश्नाने गेल्या पन्नास वर्षांत संगणकांना, विमानांना आणि अवकाशयानांना अडचणीत आणले आहे. तो प्रश्न आपल्या पंचांगकर्त्यांना मात्र फार पूर्वीपासून परिचयाचा होता.

जानेवारी १५९८ मध्ये शके १५१९ चालू होते आणि संवत्सराचे नाव हेमलंबी. संवत्सराचे नाव काढण्याची रीत सोपी आहे: शकाच्या आकड्यात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तितव्या क्रमांकाचे संवत्सर. १५१९ अधिक १२ म्हणजे १५३१, साठाने भागून बाकी ३१, आणि एकतिसावे संवत्सर हेमलंबी. (ही नर्मदेच्या दक्षिणेकडची पद्धत. उत्तरेकडची मोजणी वेगळी आहे.) आता जानेवारी २०१८ घ्या. शके १९३९, त्यात १२ मिळवून १९५१, बाकी पुन्हा ३१. पुन्हा हेमलंबी! मधल्या ४२० वर्षांत साठ नावांचे चक्र सात वेळा पूर्ण फिरले. एखाद्या कागदावर नुसते ‘हेमलंबी संवत्सरी’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो कागद जिजाऊंच्या जन्माच्या वर्षीचा की जानेवारी २०१८ चा, हे त्या शब्दावरून कधीच कळणार नाही.

काश्मीरमध्ये तर याहून काटकसर होती. तेथे चालणाऱ्या लौकिक संवतात शतके लिहीतच नसत. ‘राजतरंगिणी’ लिहिणारा कल्हण सांगतो की लौकिक वर्ष २४ चालू आहे. पण त्याने बरोबरच शके १०७० हा आकडाही दिला, म्हणून आपल्याला ते वर्ष इ. स. ११४८ असे ओळखता येते. पेशवाईतल्या कित्येक मोडी पत्रांवर मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो आणि वर्षाचा पत्ताच नसतो. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असे. दोनशे वर्षांनी ते पत्र आपण वाचू अशी त्यांची कल्पना नव्हती. इतिहासकार मग पत्रातली माणसे, लढाया, वार आणि तिथी यांचा मेळ घालून वर्ष ठरवतात. असा मेळ घालण्यासाठी लागणारी गणिते आणि कोष्टके रचणाऱ्यांत एक फार मोठे नाव आहे ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालचा आणि रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ही त्याच वर्षीचा. दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे आपल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे.

मोजणीचे चक्र लहान असण्यात वाईट काही नाही. साठ नावे पाठ करता येतात, आणि माणसाच्या आयुष्यात बहुधा प्रत्येक नाव एकदाच येते. अडचण येते ती चक्र पूर्ण फिरल्यावर, आणि तेही ‘किती फेऱ्या झाल्या’ याची नोंद कोणी ठेवली नसेल तर. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र वापरत. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची. चोवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, ती भरून बुडते. बुडाली की कोणीतरी ती उचलून पुन्हा सोडायची आणि मनात ‘एक’ म्हणायचे. वाटीला फक्त एक घटका कळते. बाकीचा सारा काळ त्या राखणाऱ्या माणसाच्या लक्षात असतो. त्याला डुलकी लागली तर मुहूर्त गेला!

संगणकातली कालमोजणी अगदी अशीच चालते. पहिल्या पीसीमध्ये एक छोटी चिप सेकंदाला ११,९३,१८२ ठोके मोजत असे. तिच्यात आकडा मावायला जागा होती सोळा बिटांची, म्हणजे ६५,५३६ पर्यंत मोजून झाले की पुन्हा शून्य. हा वेळ होतो सुमारे ५५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदातून अठरा वेळा वाटी बुडायची. प्रत्येक वेळी चिप प्रोसेसरला खूण करी आणि एक छोटी आज्ञावली पुढे होऊन आपल्या मोठ्या आकड्यात एकाची भर घाली. वाटी राखणाऱ्या माणसाचे काम करणाऱ्या अशा आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. (एसटीच्या ड्रायव्हरशी त्याचे नाते एवढेच की यंत्र कसे हाकायचे ते दोघांनाही ठाऊक असते.) छपाईयंत्र, डिस्क, कळफलक, नेटवर्कचे कार्ड, कॅमेरा, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे या सगळ्या ड्रायव्हरांना आणि इतर आज्ञावल्यांना शिस्तीत वागवणारी व्यवस्था.

ड्रायव्हरला वेळ कशासाठी हवी असते? दोन अगदी निरनिराळ्या गोष्टींसाठी. पहिली म्हणजे वाट पाहणे. डिस्कला माहिती मागितली आणि दोन सेकंदांत उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारायचे किंवा तक्रार करायची. दुसरी म्हणजे शिक्का मारणे. ही कळ अमुक क्षणी दाबली गेली, हे चित्र अमुक क्षणी टिपले, ही फाइल अमुक तारखेला बदलली, असा वेळेचा शिक्का. परीक्षा चालू असताना ‘तीन तास झाले का’ हे पाहणे आणि उत्तरपत्रिकेवर तारीख घालणे यांत जो फरक आहे तोच येथे. पहिल्या कामाला कॅलेंडर लागत नाही, दुसऱ्याला लागते. हा फरक न पाहता दोन्ही कामांना एकच घड्याळ वापरले गेले, आणि पुढची बरीच दुरुस्ती त्यामुळे करावी लागली.

वाट पाहण्याचा घोटाळा आधी समजून घेऊ. कल्पना करा की ड्रायव्हरच्या घड्याळात दोनच घरे आहेत: ०० ते ९९, आणि पुन्हा ००. आत्ता ९८ वाजले आहेत आणि पाच ठोके थांबायचे आहे. मुदत किती? ९८ अधिक ५ म्हणजे १०३, पण घरे दोनच, म्हणून ०३. ड्रायव्हर लगेच पाहतो: आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का? ९८ हा आकडा ०३ पेक्षा मोठा. झाली मुदत! डिस्कने तोंड उघडण्याआधीच ड्रायव्हरने ती बिघडल्याचे जाहीर करून टाकले. उलट प्रकारही होतो. मुदत ९९ ला संपणार होती, पण ड्रायव्हर दुसऱ्या कामात होता आणि त्याने घड्याळ पाहिले तेव्हा ०१ झाले होते. ०१ हे ९९ पेक्षा मोठे नाही, म्हणून तो बिचारा पूर्ण चक्र फिरेपर्यंत थांबून राहतो.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो सहावीच्या मुलांनाही सापडतो, फक्त योग्य प्रश्न विचारायला हवा. आकड्यांची तुलना करू नका, वजाबाकी करा. ०३ वजा ९८ म्हणजे उणे ९५, आणि शंभराच्या चक्रात उणे ९५ म्हणजेच ५. उत्तर पन्नासाच्या आत आले तर मुदत अजून पुढे आहे. पन्नासाच्या वर आले तर ती उलटून गेली. वाट पाहायचा काळ अर्ध्या चक्रापेक्षा कमी असला की ही रीत चुकत नाही. संवत्सरांवर करून पाहा: एका मुलीचा जन्म क्षय संवत्सरातला, दुसरीचा प्रभव संवत्सरातला. क्षय हे साठावे, प्रभव पहिले. मोठी कोण? दोघी एकाच वर्गात होत्या हे माहीत असेल, तर क्षयवाली मोठी, कारण शेवटचे क्षय १९८६ च्या पाडव्याला लागले आणि प्रभव १९८७ च्या. क्रमांक लहान म्हणून प्रभववाली मोठी असे कोणतीही आजी म्हणणार नाही. ‘अर्ध्या चक्राच्या आत’ ही अट आजीने न सांगता धरलेली असते. संगणकाला ती सांगावी लागते.

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या ठोक्यांना ‘जिफी’ म्हणतात. सुरुवातीला पीसीवर सेकंदाला शंभर जिफी होत्या. आकड्याला जागा बत्तीस बिटांची, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पर्यंत. भागाकार करा: ४९७ दिवस. सव्वा वर्षाहून जास्त काळ न थांबता चालणारा संगणक विरळा, त्यामुळे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी सरळ ‘मोठा आहे का’ अशीच तुलना लिहिली आणि कोणाला काही जाणवले नाही. वजाबाकीची रीत तयार नावांनिशी उपलब्ध करून दिलेली होती, पण ती वापरायची आठवण राहत नसे. पुढे २००३ अखेरच्या आवृत्तीपर्यंत ठोके सेकंदाला हजार झाले आणि चक्र ४९.७ दिवसांवर आले. आता प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

तेव्हा एक फार सुंदर युक्ती योजण्यात आली. जिफींची मोजणी शून्यापासून सुरू न करता, आकडा भरायला पाच मिनिटे कमी असताना सुरू करायची! संगणक चालू केला की पाचच मिनिटांत घड्याळ शून्यावर येते. ज्या ड्रायव्हरमध्ये चूक आहे तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरच, त्याच्या डोळ्यांदेखत कोलमडतो. पन्नास दिवसांनी, कुठल्या तरी दवाखान्यात किंवा टेलिफोन केंद्रात, रात्री तीन वाजता नव्हे. या सगळ्या इतिहासातली आम्हाला सर्वांत आवडलेली कल्पना हीच. घड्याळ अजिबात रुंद न करता तिने शेकडो चुका उजेडात आणण्याची सोय केली.

४९.७ दिवसांचा आकडा दुसरीकडेही गाजला आहे. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंद मोजणारा बत्तीस बिटी आकडा भरला की संगणक गोठून जाई, आणि दोष वेळ मोजणाऱ्या एका ड्रायव्हरच्या फाइलीत होता. विंडोज ९५ आले १९९५ च्या ऑगस्टमध्ये. हा दोष उघड झाला १९९९ साली. चार वर्षे का लागली? कारण ती प्रणाली न अडकता पन्नास दिवस चालल्याचे फारसे कोणी पाहिलेच नव्हते, असे लोक विनोदाने म्हणत. सप्टेंबर २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या हवाई नियंत्रण केंद्राचा वैमानिकांशी संपर्क तुटला तेव्हा मात्र कोणी हसले नाही. तेथील यंत्रणेतही असाच आकडा उतरत्या क्रमाने चालला होता. ती ठरावीक दिवसांनी बंद करून पुन्हा चालू करायची असा नियम केलेला होता, आणि एकदा ते राहून गेले.

२०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबद्दल एक आदेश काढला. एअर इंडियाही ही विमाने २०१२ पासून वापरत होती. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली, तर जनित्रांवर लक्ष ठेवणारे सगळे नियंत्रक एकाच वेळी हात वर करतील आणि विमानातली एसी वीज जाईल, असे प्रयोगशाळेत दिसले होते. आदेश होता: ठरावीक मुदतीत वीज एकदा पूर्ण बंद करा. या आकड्याचे कारण आपण काढू शकतो. बत्तीस बिटांपैकी एक बिट धन की ऋण हे सांगण्यात खर्च झाला, उरले एकतीस. सेकंदाचा शंभरावा भाग हे एकक धरले तर २१४ कोटी ७४ लाख ठोके म्हणजे २४८ दिवस आणि काही तास. दुर्घटना झाली नाही. ‘डीप इम्पॅक्ट’ हे नासाचे यान मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये गप्प झाले ते कायमचे. १ जानेवारी २००० पासून सेकंदाचे दशांश मोजणारा बत्तीस बिटी आकडा त्याच दिवसांत भरत होता, आणि नासाचा संशय त्याच्यावरच आहे.

याच घराण्यातली, पण जरा वेगळी, एक घटना मात्र जिवावर बेतली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान येथे पॅट्रियट यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक मेले. तेथे आकडा भरला नव्हता. तो कापला गेला होता. यंत्रणा वेळ दशांश सेकंदात मोजत असे आणि सेकंद काढण्यासाठी एक दशांशाने गुणत असे. आपल्या दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ असा न संपणारा असतो, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश न संपणारा असतो. चोवीस बिटांत तो बसवताना शेपूट तुटली. चूक अत्यल्प, पण यंत्रणा शंभर तास सलग चालू होती आणि चूक साठत ०.३४ सेकंदावर पोहोचली. एवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून पुढे जाते. सुधारलेली आज्ञावली तेथे पोहोचली दुसऱ्या दिवशी.

आता शिक्क्याचा प्रश्न, म्हणजे कॅलेंडराच्या घड्याळाचा. १९७१ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. तिच्यात काळ मोजला जाई १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत, कारण अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ आवर्तने करते. बत्तीस बिटांत हे ठोके सव्वादोन वर्षांत संपतात! लेखकांना हे ठाऊक होते; दर वेळी सुरुवातीची तारीख पुढे ढकलून त्यांनी काही काळ भागवले. शेवटी एकक बदलून पूर्ण सेकंद घेतला आणि सुरुवात ठरली १ जानेवारी १९७०. चिन्हाचा एक बिट वगळता उरलेल्या एकतीस बिटांत २१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात, म्हणजे अडुसष्ट वर्षे. तेव्हा ती भरपूर वाटली असणार. पण हा आकडा युनिक्समधून लिनक्समध्ये, आणि तेथून लाखो छोट्या यंत्रांत गेला. तो संपतो १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी.

पुढच्या सेकंदाला ‘शून्य’ होत नाही. चिन्हाचा बिट पालटतो आणि आकडा एकदम उणे २१४ कोटींवर जातो. यंत्राला वाटते की आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत. साठ संवत्सरांत क्षयानंतर प्रभव येतो, तसेच हे, फक्त पंचांगकर्त्याला ते अपेक्षित असते.

२००० सालचा प्रश्न पुष्कळांना आठवत असेल. वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवल्यामुळे २००० हे १९०० वाटण्याची भीती होती, आणि तो दुरुस्त करण्याच्या कामावर मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांतील कितीतरी तरुणांनी परदेशांच्या जुन्या आज्ञावल्या ओळ ओळ वाचून काढल्या. काश्मीरच्या लौकिक संवताचीच ती आवृत्ती. उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी दहा बिटांत आहे: १०२४ आठवडे, सुमारे वीस वर्षे. ती ऑगस्ट १९९९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०१९ मध्ये शून्यावर आली. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ प्रणालीनेही आठवड्यांसाठी दहाच बिट घेतले आणि मोजणीची सुरुवात २२ ऑगस्ट १९९९ धरली, म्हणून दोन्हींची फेरी एकाच वेळी पूर्ण होते. पुढची फेरी नोव्हेंबर २०३८ मध्ये. कितवी फेरी चालू आहे हे ग्राहक यंत्राला स्वतः ठरवावे लागते, आणि ते ‘माझी आज्ञावली अमुक साली लिहिली गेली, त्याआधीची तारीख असणे शक्य नाही’ असा तर्क लढवते. वर्ष नसलेल्या मोडी पत्राचा काळ ठरवणारा संशोधक याहून वेगळे काय करतो?

२०३८ ची दुरुस्ती ऐकायला सोपी वाटते: बत्तीसाऐवजी चौसष्ट बिट घ्या. मग सेकंद २९,२०० कोटी वर्षे पुरतात. विश्वाचे आजचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. मोठे संगणक आता चौसष्ट बिटीच असल्यामुळे त्यांच्यात हे बरेचसे आपोआप झाले. पण वीजमीटर, राउटर, गाड्यांतील आणि कारखान्यांतील नियंत्रक अशा यंत्रांत बत्तीस बिटी प्रोसेसर असतात आणि ती पंधरा-वीस वर्षे वापरली जातात. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी सुमारे २०१४ पासून पद्धतशीर काम सुरू झाले. आर्न्ड बर्गमन यांनी त्याचा मोठा भाग उचलला. फाइलींवरच्या शिक्क्यांचे अवघड काम दीपा दीनमणी यांनी केले आणि ते २०१८ साली लिनक्समध्ये आले. ड्रायव्हरांची कित्येक छोटी कामे ‘आउटरीची’ या उपक्रमातल्या शिकाऊ मुलींनी केली. एक ड्रायव्हर उघडायचा, त्यात वेळ कोठे घेतली आहे ते शोधायचे आणि विचारायचे: याला वेळ कशाला हवी आहे?

बहुतेक ठिकाणी उत्तर निघे की याला फक्त दोन क्षणांतले अंतर हवे आहे. अशा जागी कॅलेंडराचे घड्याळ वापरणे २०३८ नसते तरी चूकच होते, कारण कोणी संगणकाची वेळ पुढेमागे केली की अंतर खोटे ठरते. तेथे संगणक चालू झाल्यापासून सतत पुढेच जाणारे घड्याळ बसवण्यात आले. जेथे खरोखर तारीख हवी होती तेथे चौसष्ट बिट. सर्वांत चिवट जागा मात्र तिसऱ्या प्रकारच्या: ड्रायव्हरने वेळेचा शिक्का बाहेरच्या आज्ञावलीच्या हाती ठरलेल्या मापाच्या चौकटीत द्यायचा असतो, आणि ती आज्ञावली दहा वर्षांपूर्वी कोणी लिहून सोडून दिलेली असते. चौकट रुंद केली तर ती मोडते. कळफलक आणि माउसच्या शिक्क्यांसाठी मग एक तडजोड झाली: चौकट तेवढीच ठेवायची, पण आकड्याला ऋण मानायचे नाही. मुदत २१०६ पर्यंत वाढली. मार्च २०२० मध्ये निघालेली लिनक्सची ५.६ ही आवृत्ती बत्तीस बिटी यंत्रांवर २०३८ ओलांडू शकणारी पहिली. त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्यांना लागणारी सोय २०२१ मध्ये झाली. जी यंत्रे त्याआधी बसवली गेली आणि ज्यांची आज्ञावली कधीच बदलली जाणार नाही, ती तशीच आहेत.

हे सारे २०३८ ला पाहू, असे म्हणून चालत नाही. जानेवारी २०१८ नंतर घेतलेल्या वीस वर्षांच्या घरकर्जाचा शेवटचा हप्ता त्या क्षणापलीकडे पडतो. फेब्रुवारी १९८० मध्ये जन्मलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त व्हायचा असेल, तर त्याची निवृत्तीची तारीख बत्तीस बिटांत मावत नाही. ती आजच नोंदवावी लागते. मागच्या बाजूलाही भिंत आहे. डिसेंबर १९०१ पूर्वीची कोणतीही तारीख या मोजपट्टीवर बसत नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या शाळेचे १८९० च्या दशकातले दाखल-खारीज रजिस्टर संगणकावर चढवायचे, तर विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा अक्षरांत ठेवाव्या लागतील किंवा रुंद आकड्यात. जिजाऊंचा जन्मदिवस १ जानेवारी १९७० पासून १,१७३ कोटी ७३ लाख ५३ हजार ६०० सेकंद मागे आहे. चौसष्ट बिटांत तो सहज मावतो. पण संगणकाला ‘१२ जानेवारी १५९८’ असे सांगितले, तर पुष्कळ आज्ञावल्या नवेच कॅलेंडर मागे ताणतात आणि दहा दिवस चुकीच्या जागी खूण करतात. जागेचा प्रश्न सुटला तरी सुरुवातीचा प्रश्न शिल्लक राहतो.

आकडा संपल्यावर शून्यावर येणे हा एकच प्रकार नाही. काही घड्याळे संपली की नुसती मुकी होतात. रेडिओकार्बनचे घड्याळ सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे काही सांगत नाही, कारण मोजण्याजोगा कार्बन-१४ उरतच नाही. आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे वय एका पद्धतीने, थर्मोल्युमिनिसन्सने, सुमारे ५२ हजार वर्षे आले होते. नंतर आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार आले. एकाच विवराच्या दोन वयांत दहापटीहून जास्त फरक! कोणत्या घड्याळाचा पल्ला किती, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

शाळेत जुना, बत्तीस बिटी लिनक्स असलेला आणि कामाची कोणतीही फाइल नसलेला संगणक अडगळीत पडलेला असेल, तर एक प्रयोग करता येईल. त्याची नेटवर्कची तार काढा. तारीख १९ जानेवारी २०३८ आणि वेळ सकाळी ८ वाजून ४३ मिनिटे अशी लावा, आणि मुलांना पडद्यासमोर बसवा. आवृत्ती जुनी असेल तर ८:४४:०७ नंतर पडद्यावर १४ डिसेंबर १९०१ ची पहाट दिसेल. काही जुन्या आवृत्त्या ती तारीख लावूनच घेत नाहीत, आणि काही त्या क्षणी गोठतात. नवी आवृत्ती ८:४४:०८ दाखवेल. संगणक नसेल तर पुठ्ठ्याच्या तबकडीवर ०० ते ९९ लिहा, एका मुलाला ड्रायव्हर करा, त्याला ९८ वर उभे करून पाच ठोके थांबायला सांगा, आणि मुदत संपली का हे बाकीच्यांनी आधी तुलना करून व मग वजाबाकी करून ठरवायचे.